डी म्हणजे कंडक्टर

सिंधूअक्का आमच्या घरी पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांच्या कडेवर कॉम्प्युटर होता. कडेवर म्हणजे अगदी कडेवरच. तो काळा डबा जुन्या चादरीत गुंडाळून त्यांनी लेकरासारखा कमरेवर घेतला होता आणि मोकळ्या हाताने बेल दाबली होती. आमच्या धुळ्याच्या देवपुरात शेजारपाजारचं माणूस बेल दाबत नाही, फाटकातूनच हाक मारतं. त्यामुळे बनियनवर दार उघडायला गेलेला मी परत आत पळालो आणि शर्ट घालून आलो.

त्या आमच्या मागच्या गल्लीत राहायच्या. धुळ्यात त्यांना ओळखत नाही असं माणूस कमी, कारण बावीस वर्षं त्या एसटीच्या लाल गाडीत कंडक्टर होत्या, आणि त्यातली बहुतेक वर्षं धुळे-नवापूर या एकाच रस्त्यावर. नवरा ड्रायव्हर होता. तो अचानक गेला आणि अनुकंपेवर नोकरी निघाली. अक्कांनी अर्जात ‘ड्रायव्हर’ असं लिहिलं. लायसन आहे का, असं विचारल्यावर नाही म्हणाल्या, आणि मग साहजिकच कंडक्टर झाल्या. ही हकिगत त्या स्वतःच हसत सांगायच्या. पण त्या रस्त्यावरचा कोंडाईबारीचा घाट एकदा तरी आपल्या हाताने गाडी चालवत उतरायचा, हे मात्र त्या कधीच हसत सांगत नसत. गुडघ्यांमुळे त्यांनी नोकरी लवकर सोडली तेव्हा सगळे हळहळले. अक्कांचं म्हणणं एवढंच की उभं राहायचे गुडघे गेलेत, बसून चालवायचे शाबूत आहेत.

त्या दिवशी त्यांनी डबा आमच्या दिवाणावर ठेवला आणि खोलीत कोण कोण आहे ते डोळ्यांनी मोजून घेतलं. ही त्यांची सवय होती. लग्नाची पंगत असो नाहीतर दवाखाना, गेल्या की आधी डोकी मोजायच्या. आमच्याकडे मी, बायको, आई आणि सहा वर्षांची मुलगी. “साडेतीन,” असं त्या स्वतःशीच पुटपुटल्या. आपण अर्ध्या तिकिटाचे आहोत हे मुलीला तेव्हा कळलं आणि ती पुढे कित्येक दिवस अक्कांवर रुसून होती.

तक्रार अशी होती. मुलगा महेश पुण्याला नोकरीला गेला, तिथे त्याने लॅपटॉप घेतला आणि हा कॉम्प्युटर घरीच राहिला. त्यावर बस चालवायचा एक गेम अक्कांना टाकायचा होता. तो अर्धा उतरायचा आणि अडायचा, आणि पडद्यावर एक लाल पट्टी दिसायची. मी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो, निदान हजेरीपटावर तरी तसं लिहिलेलं आहे. त्यामुळे मी लगेच वर्गातला आवाज काढला आणि विचारलं, गेम नातवासाठी हवाय का?

“नई,” अक्का म्हणाल्या. “माले.”

मी डबा जोडला. आत सी ड्राइव्ह नावाची लहानशी, चपळ डिस्क होती आणि डी नावाची जुनी, मोठी, संथ. सी गळ्यापर्यंत भरलेली, डी रिकामी. हा आपल्याकडचा घरोघरीचा रोग आहे. कॉम्प्युटर स्वतःहून सी सुचवतो आणि माणसं न वाचता ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करत सुटतात. मी अक्कांना वर्गात देतो तो कपाटाचा दाखला दिला. वरचा कप्पा, खालचा कप्पा, रोजचे कपडे, सणाचे कपडे. अक्कांनी तो शेवटपर्यंत ऐकून घेतला आणि त्यांना तो अजिबात पटला नाही.

“भाऊ, कपाट चालस का?” त्या म्हणाल्या. “सी म्हंजे डायवर. डी म्हंजे कंडक्टर. गाडी डायवर चालाडस, पन पब्लिक, पोतडं, कोंबड्या, बठ्ठं कंडक्टरकडे. डायवरना मांडीवर कोनी पोतं ठेवस का?”

वीस वर्षं हा विषय शिकवून मला जे एका वाक्यात सांगता आलं नव्हतं ते त्यांनी दिवाणाच्या कडेला उभं राहून सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी वर्गात तोच दाखला दिला, अक्कांचं नाव न घेता. पोरं पहिल्यांदाच माझ्या तासाला हसली, आणि योग्य ठिकाणी हसली.

उभं राहून, असं मी मुद्दाम म्हटलं. अक्का खुर्चीवर बसायच्या नाहीत. खुर्ची समोर असली तरी दाराच्या चौकटीला पाठ टेकवून, दोन पाय फाकवून उभ्या राहायच्या. घर मध्येच ब्रेक मारेल अशी भीती वाटत असावी. भाजीबाजारातल्या गर्दीत त्या “चला, पुढे सरका, पुढे मोकळं आहे” असं म्हणाल्या की माणसं खरोखरच सरकायची. पुढे मोकळं नसायचंच. ते त्यांनाही माहीत होतं.

गेम टाकायला मी त्यांच्या घरी गेलो. पडद्यावर पहिली पाटी आली आणि माझं बोट सवयीने ‘नेक्स्ट’कडे गेलं. अक्कांनी माझं मनगट धरलं. हे त्यांचं आवडतं वाक्य मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं: “पाटी वाचाबिगर गाडीमा चढू नई.” बावीस वर्षं त्यांनी दोंडाईच्याच्या गाडीत चढलेले साक्रीचे प्रवासी अर्ध्या वाटेत उतरवले होते, आणि त्या सगळ्यांनी पाटी न वाचण्याची एकच चूक केली होती. इंग्रजी त्यांना अक्षर अक्षर लावत वाचता यायचं. तिसऱ्या पाटीवर गेम कुठे टाकायचा ते लिहिलं होतं. अक्कांनी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, गाडी सी कडे चाललीय. मी मुकाट्याने तिथे डी केलं. मग त्यांनी बोटातली अंगठी टेबलावर दोनदा वाजवली आणि मला मान हलवली. ती त्यांची डबल बेल. ती झाल्याशिवाय त्या घरात ‘नेक्स्ट’ दाबायला परवानगी नव्हती.

डाउनलोडचंही तेच. काहीही उतरवलं की ते आधी सी वरच येऊन पडतं, हे त्यांनीच माझ्या नजरेस आणलं. सगळा माल आधी ड्रायव्हरच्या पायाशी टाकायचा आणि मग मागे न्यायचा, ही कुठली पद्धत, असं त्यांचं म्हणणं. आम्ही डाउनलोड परस्पर डी वर उतरतील अशी सोय केली आणि लाल पट्टी निळी झाली. अक्कांनी त्या निळ्या पट्टीकडे इतक्या समाधानाने पाहिलं की मला माझ्या पीएच.डी.च्या दिवशीसुद्धा एवढं बरं वाटलं नव्हतं.

आता माझ्या फजितीचं सांगून टाकतो, कारण अक्का ती आयुष्यभर सांगणार आहेत. महेशने पुण्याहून फोनवर सांगून त्यांना आणखी एक गेम टाकायला लावला होता, ट्रॅक्टरचा, आणि तो घाईत सी वर गेला. तो डी वर न्यायचा होता. मी पेपर तपासायला निघालो होतो. कॉम्प्युटरच्या शिक्षकाने जे कधीही करू नये ते मी केलं: गेमचा अख्खा फोल्डर कट केला, डी वर पेस्ट केला, चहा प्यायलो आणि झालं म्हणून सांगितलं. ट्रॅक्टर काही सुरू होईना. मी तासभर खटपट केली आणि शेवटी, मराठी माणूस अशा वेळी जे म्हणतो ते म्हणालो, कॉम्प्युटरच जुना आहे. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

अक्का चौकटीला टेकून सगळं पाहत होत्या. “भाऊ,” त्या शांतपणे म्हणाल्या, “प्रवासी तुम्ही दुसरी गाडीमा बसाडी दिना. तिकीट जुनी गाडीनं शे. त्याले खाले उतारतीनच.”

शब्दन् शब्द खरा होता. गेमचा माल डी वर गेला होता, पण त्याच्या सगळ्या नोंदी अजून सी चाच पत्ता सांगत होत्या. ट्रॅक्टर आम्ही पूर्ण काढला आणि पहिल्यापासून, पाट्या वाचत, डी वर टाकला. पंधरा दिवसांनी अक्का मला सांगत आल्या की गेम जिथून उतरवतात त्या ऑनलाइन दुकानातच एका कोपऱ्यात ‘दुसऱ्या ड्राइव्हवर हलवा’ असं बटण आहे, तिकिटासकट हलवतं. सगळ्या पाट्या वाचताना त्यांना ते सापडलं होतं. मला ते माहीत नव्हतं. मी माहीत असल्यासारखी मान हलवली, आणि त्यांनी ती मान ओळखली.

त्या दिवाळीला महेशने साडी कुठली घेऊ म्हणून फोन केला तर अक्का म्हणाल्या, साडी नको, चाक दे. मग पुण्याहून एक स्टिअरिंग आलं, खाली तीन पेडल आणि बाजूला गियर. गल्लीतल्या बायका ते हळदीकुंकवाला येऊन पाहून गेल्या. अक्कांनी एक घाटरस्त्याचा नकाशा शोधून काढला, कुण्या हौशी माणसाने बनवलेला, गेममध्ये वेगळा घालायचा. तो उतरायला पावणेदोन दिवस लागले. टक्के विचारले की त्या गावांच्या नावाने सांगायच्या. वीस टक्क्यांना कुसुंबा आलं. पन्नासला साक्री. नव्वदला त्यांचा आवाज बदलला आणि म्हणाल्या, घाट लागला.

पण घाट चालवायचा कसा, हे कंडक्टरला कोण शिकवणार? त्यासाठी त्यांनी दगाआबांना बोलावलं. दगाआबा म्हणजे त्यांच्याबरोबर सर्वांत जास्त वर्षं गाडीवर असलेले ड्रायव्हर. सत्तरीचे, दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेले, आणि तेव्हापासून आपली पांढरी छोटी गाडी दारात झाकून ठेवलेले. आबा गेमसमोर बसले, चाक हातात घेतलं आणि जन्मभराच्या सवयीने मागे न बघता, निघायचं का अशा अर्थाने म्हणाले, “अक्का, व्हयनी का गाडी?” अक्कांनी मागून अंगठी वाजवली. दोघांनी मिळून तो पडद्यावरचा घाट तासाभरात असा उतरला की मी आणि माझी बायको, दोघं जागचे हललो नाही. मग अक्का म्हणाल्या, “आबा, आते तुम्ही मांगे उभा ऱ्हा. मी चालाडस.”

आबांना क्षणभर कळलंच नाही. कळल्यावर ते उठले आणि चौकटीला टेकून उभे राहिले. पुढचे चार महिने रोज दुपारी चार ते पाच त्या घरातून एकच वाक्य ऐकू यायचं: “चढताना जो गियर, उतरताना तोच. बिरेकना भरोसा नको.” पहिल्या आठवड्यात अक्कांनी तीन बसगाड्या दरीत घातल्या आणि प्रत्येक वेळी किती पब्लिक होतं ते सांगितलं. दुसऱ्या महिन्यात एकही नाही.

इथवर सगळं हौसेचं होतं. हौसेला वळण लागलं ते एका शब्दामुळे. एके दिवशी अक्कांनी मला बोलावलं. पडद्यावर इंग्रजीत निरोप आला होता आणि त्यातला एकच शब्द त्यांना कळला होता. मी नेहमीच्या घाईत वाचला आणि भाषांतर करून टाकलं: “तुमचा ड्रायव्हर जुना झालाय, नवीन टाका, असं म्हणतोय.”

बोलून गेलो आणि मग वर पाहिलं. पडद्याच्या बरोबर वर भिंतीवर त्यांच्या नवऱ्याचा फोटो होता, खाकी कपड्यातला, हार घातलेला. मी भराभर समजावू लागलो की इथे ड्रायव्हर म्हणजे माणूस नाही, चित्र कसं दाखवायचं ते कॉम्प्युटरला सांगणारा एक छोटा प्रोग्रॅम असतो, तो जुना झाला की नवा घ्यावा लागतो. अक्का ऐकत नव्हत्या. त्या फोटोकडे पाहत होत्या, आणि चेहऱ्यावर दुःख नव्हतं. हिशेबात काहीतरी राहून गेलंय आणि ते आत्ता सापडलंय, असा तो चेहरा होता.

“खरं सांगस ते,” त्या म्हणाल्या. “आपला डायवर जाईसन तेवीस वरीस व्हयनात. नवीन कोनी टाकाच नई.” आणि मग, “टाका नवीन.”

मी सुटकेचा श्वास टाकून बटण दाबायला गेलो.

“ते नई हो भाऊ. गाडी शिकाडाना कलासना फारम कोठे भेटस, ते सांगा.”

त्या रात्री महेशचा मला फोन आला. आई सत्तावन्न वर्षांची आहे, गेम खेळते तोवर ठीक, पण धुळ्याच्या रस्त्यावर खरी गाडी नको, तुम्ही समजावा, तुमचं ऐकेल. खरं सांगायचं तर मलाही तेच वाटत होतं. आग्रा रोडवर मी स्वतः स्कूटर हातात धरून चालतो. मी दुसऱ्या दिवशी समजवायला गेलो. अक्कांनी चहा दिला, माझं सगळं म्हणणं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, आधी इथे बसा, एक वळण घ्या. मी चाकावर बसलो. पहिल्याच वळणाला माझी बस कठडा तोडून खाली गेली. “चाळीस पब्लिक गई भाऊ,” अक्का म्हणाल्या. त्यानंतर मला सल्ला द्यायचा नैतिक अधिकार राहिला नाही.

ड्रायव्हिंग स्कूलचा शिकवणारा पहिल्या दिवशी चक्रावला. या बाईला क्लच येतो, गियर येतो, चढावर गाडी मागे न सोडता उचलता येते. मग येत काय नाही? येत नव्हतं ते वेगळंच. रस्त्याच्या कडेला कुणी हात वर केला की अक्का गाडी थांबवायच्या. कुणी मित्राला हाक मारायला हात केला असेल, कुणी टोपी सारखी केली असेल, अक्का थांबणार. बावीस वर्षं हात दिसला की बेल मारायची, हे अंगात मुरलेलं. एकदा तर पारोळा चौफुलीवर शिंदखेड्याच्या गाडीची वाट बघणारे एक म्हातारबा खरोखर दार उघडून मागे बसले. ते शिंदखेड्याला चाललेत हे कळल्यावर अक्कांनी त्यांना पाटी वाचायला सांगितली. गाडीवर पाटी होती, तिच्यावर लाल अक्षरात ‘एल’ लिहिलेलं होतं.

परीक्षेच्या दिवशी अक्का, आबा आणि मी असे तिघं गेलो. अक्कांनी इंग्रजी आठचा आकडा असा काढला की साहेबांनी वहीतून डोकं वर केलं. मग साहेब म्हणाले, आता गाडी मागे घ्या. अक्कांनी हँडब्रेक ओढला, दार उघडलं आणि उतरून गाडीच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. आबांनी कपाळावर हात मारला.

“मावशी, कुठे चाललात?” साहेबांनी विचारलं.

“मांगे दखाले.”

“गाडी मागे घ्यायचीय. ड्रायव्हरने उतरायचं नसतं.”

“मंग मांगे दखी कोन?” अक्कांनी विचारलं, आणि त्या अगदी मनापासून विचारत होत्या. त्यांच्या आयुष्यात एकही गाडी कंडक्टरने खाली उतरून ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हटल्याशिवाय मागे गेलेली नव्हती. साहेब भले होते, हसले, पण नापास केलं. तेही बरोबरच होतं.

परतताना अक्कांचा चेहरा मला पाहवत नव्हता. मला वाटलं, संपलं, आता महेश म्हणेल मी सांगत होतो. गल्लीत शिरल्यावर त्या एकच वाक्य बोलल्या, की आरसा असतो हे मी विसरले. दुसऱ्या दिवशी सकाळी आबांच्या गाडीवरची ताडपत्री निघाली. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अक्का गाडी फक्त मागे चालवत होत्या. दहा वेळा, वीस वेळा. बायकांनी पाण्याच्या बादल्या आत घेतल्या, कुत्री ओट्यावर चढून बसली. आठवडाभर आमच्या गल्लीत गाडी पुढे गेलेली कुणी पाहिली नाही. महिन्याने त्या परत गेल्या, मान न वळवता आरशात बघत गाडी चुन्याच्या दोन रेघांमध्ये सरळ मागे घेतली आणि पास झाल्या. लायसन हातात आलं तेव्हा त्यांनी ते बोटांच्या बेचक्यात धरलं, पूर्वी तिकिटं धरायच्या तसं, आणि फोटोतल्या आपल्या चेहऱ्याकडे कितीतरी वेळ बघत राहिल्या.

मग आम्ही कोंडाईबारीला गेलो. आबांची गाडी, आबा पुढे शेजारी, मागे मी एकटा. कुसुंबा, नेर, साक्री, दहिवेल. प्रत्येक फाटा आला की अक्का तिथे उतरणाऱ्या एखाद्या माणसाची हकिगत सांगायच्या. दहिवेल सोडलं आणि हकिगती संपल्या. घाट सुरू झाला. समोर मालट्रक, मागे मालट्रक, मागचा सारखा हॉर्न मारत होता. आबा शेजारी बसून मोकळ्या जागेत पाय दाबत होते, तिथे ब्रेक नव्हता. मी देवाचं नाव घेत होतो आणि ते लपवत नव्हतो. अक्कांनी गियर खाली टाकला आणि तो बदलला नाही. मागच्याच्या हॉर्नला त्यांनी भीक घातली नाही. पहिलं वळण, दुसरं. तिसऱ्या वळणाला त्या म्हणाल्या, इथे लोक ओकायला लागायचे, इथे मी लिंबू काढायची. मला तेव्हा नेमकं तेच होत होतं.

घाट उतरून विसरवाडीच्या बाजूला रस्ता सपाट झाला, तशी त्यांनी एका चहाच्या टपरीजवळ गाडी कडेला घेतली. हँडब्रेक ओढला. चाकावरचे हात काही काढले नाहीत. आबा म्हणाले, “बेस चालाडी.” आबांकडून तेवढंच यायचं, आणि तेवढंही आजवर कुणाच्याच वाट्याला आलं नव्हतं. अक्का उतरल्या, मागे वळून डोंगराकडे पाहिलं आणि पदराने तोंड पुसलं.

“भाऊ, बावीस वरीस मी हाऊ घाट पाठमोरी उतरनी,” त्या म्हणाल्या. “कंडक्टरनं तोंड पब्लिककडे ऱ्हास. आज घाटनं तोंड दखं.”

माझे डोळे भरून आले आणि मी तीन चहा सांगितले. आबांनी स्वतःचा चहा संपवून गाडीची किल्ली अक्कांच्या हातात दिली आणि म्हणाले, ही आता माझ्या दारात नको, झाकून ठेवलेली गाडी मला बघवत नाही. अक्कांनी नको म्हटलं नाही. नको म्हणायच्या मनःस्थितीत त्या नव्हत्याच.

पुढच्या वर्षी महेशने जळगावला नोकरी घेतली आणि अक्का त्याच्याकडे राहायला गेल्या. सामान टेम्पोतून गेलं, अक्का आपल्या गाडीने गेल्या. अधूनमधून त्यांचा निरोप येतो. डी भरत आलीय, तिसरी डिस्क घ्यावी का? महेशच्या बायकोला टायपिंगचा गेम टाकून दिला, पाट्या वाचायला शिकवतेय. मी उत्तरं देतो, पण खरं म्हणजे त्यांना ती आधीच माहीत असतात. आमच्या कॉलेजात दरवर्षी नवी मुलं येतात आणि सी-डी चा धडा आला की मी ड्रायव्हर आणि कंडक्टर सांगतो. आता मात्र नाव घेऊन सांगतो.

गेल्या हिवाळ्यात परीक्षेच्या कामाने मी जळगावला निघालो होतो, बसने. एरंडोलच्या अलीकडे रस्त्याचं काम चालू होतं आणि आमची गाडी गोगलगायीच्या चालीने सरकत होती. शेजारच्या पट्ट्यातून एक पांढरी छोटी गाडी आमच्या खिडकीला लागून आली. आत चार बायका, साठीच्या आसपासच्या. मागच्या दोघींना मी ओळखलं, त्याही धुळ्याच्या गाड्यांवर कंडक्टर होत्या. मांडीवर नारळ आणि दुर्वांची पिशवी, म्हणजे धुळ्याहून जमून पद्मालयाला गणपतीला निघाल्या होत्या. एकीने काहीतरी सांगितलं आणि चौघी अशा हसल्या की ते हसणं बसच्या काचेतून आत आलं. मी काच सरकवून हात करणार होतो, पण पुढे रस्ता मोकळा झाला, पांढऱ्या गाडीने आवाज बदलला आणि ती आमच्या लाल गाडीला मागे टाकून निघून गेली.

मला राहवलं नाही. शेजारी बसलेल्या प्रवाशाला मी म्हणालो, “त्या आमच्या सिंधूअक्का.”

त्याने माझ्यावरून वाकून दूर जाणाऱ्या गाडीकडे पाहिलं. “कोणत्या? मागे बसल्यात त्या?”

“नाही,” मी म्हणालो. “चालवतायत त्या.”